एप्रिलची सरासरी

एप्रिलमध्ये नवरा चांगला मारत असेल तर घरात त्याविषयी अवाक्षर काढायचं नाही, असा आमच्याकडे कायदा आहे. आमच्याकडे म्हणजे बेसबॉल खेळणाऱ्यांच्या घरी. कसं चाललंय विचारायचं नाही, कौतुक करायचं नाही आणि मोजे धुवायचे नाहीत. त्या वर्षी माझा नवरा डॅरल तीनशे चाळीसच्या, म्हणजे हजार वेळा उभं राहून तीनशे चाळीस फटक्यांच्या, सरासरीने मारत होता. तीनशेच्या वर मारणारा माणूस म्हणजे सोनं, त्यामुळे त्याचे मोजे मागच्या पायरीवर नुसते वारा खात पडायचे. हंगामाच्या पहिल्या दिवशी मी नेमके ट्यूना घालून नूडल्स केले होते, म्हणून रोज दुपारी तेच. पहिल्या दिवशी नदीवरचा पूल दुरुस्तीला बंद होता, म्हणून पूल उघडल्यावरसुद्धा आम्ही पिठाच्या गिरणीला लांबलचक वळसा घालून मैदानावर जायचो. देवाला नवस बोललेली माणसं इतकी शिस्त पाळत नसतील.

आमचा संघ मार्लो फॉल्सचा. टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या संघाच्या बरोबर एक पायरी खालचा. ती एक पायरी चढायला काही माणसांना एक उन्हाळा लागतो आणि काहींचं आयुष्य जातं. डॅरल पाच वर्षांपूर्वी नऊ दिवस वर राहून आला होता. त्या नऊ दिवसांवर आमचं लग्न चाललं होतं म्हटलं तरी चालेल. आता तो एकतिसाचा झाला होता, आणि संघात पहिल्या बेसवर खेळणारे दोघे होते, तो आणि तेवीस वर्षांचा लॉनी. मे उजाडला की वरच्या संघातली जादाची माणसं खाली येतात आणि आमच्यातला एक घरी जातो. या वेळी तो एक या दोघांतलाच, हे मैदानावर मका भाजून विकणाऱ्या बाईलासुद्धा ठाऊक होतं. डॅरल गेला असता तर या वयात त्याला दुसऱ्या कुणी उभं केलं नसतं. कॅन्ससला त्याच्या भावाचं टायरचं दुकान होतं. तो भाऊ दर नाताळात म्हणायचा, "तुझी जागा ठेवलीय रे, ये कधीही." डॅरलला त्या वाक्याची मरणाची भीती वाटायची.

मी नेब्रास्कातल्या एका शाळेच्या बेसबॉल मास्तरांची मुलगी. बापाला मुलगा नव्हता, म्हणून मला पालथ्या बादलीवर बसवून सराव दाखवायचा. "लोर्ना, चेंडू बघू नकोस," म्हणायचा. "चेंडू खोटं बोलतो. पाय बघ." सात वर्षांची असल्यापासून मी पाय बघत आलेय. नवरासुद्धा तसाच निवडला होता. पाय बघून. तेव्हा ते चांगले होते.

खेळाडूंच्या बायका आम्ही सगळ्या, मारणारा उभा राहतो त्या होम प्लेटच्या मागे, तारेच्या जाळीशी बसायचो. एकीच्या नवऱ्याने मारलं तर दुसरीचा घरी जाणार, आणि तरी थर्मासमधली कॉफी एकमेकींना ओतून द्यायची. एप्रिलमध्ये मार्लो फॉल्सला नदीवरून असा गारठा येतो की बॅटवर चेंडू लागला की हातात मुंग्या येतात. रविवारच्या पेपरात सगळ्यांच्या सरासऱ्या छापून यायच्या, आणि आम्ही एका घोंगडीखाली बसून त्यांची चिरफाड करायचो.

"आमचा केल्विन चारशेवर आहे," कॅचरची बायको म्हणायची.

"तुझी सासू आलीय ना राहायला?" मी म्हणायची. "घरी बसवत नाही म्हणून मैदानात मारतोय. सासूला गाडीत बसव, मग बघ."

सगळ्या खिदळायच्या, तीसुद्धा. खरं म्हणजे केल्विनला सारखे संथ चेंडू मिळत होते आणि ते पुढे मिळणार नव्हते. मधल्या मैदानातला तो लांब हातांचा पोरगा दीडशेवर अडकला होता, पण त्याचे चेंडू कुंपणाजवळ पकडले जात होते. उबारा आला की तेच चेंडू कुंपणापलीकडे पडले असते. एप्रिलची सरासरी अशीच असते. ज्याचं त्याला देत नाही. सगळे "अजून सुरुवात आहे" म्हणून एकमेकांची पाठ थोपटतात, आणि थोपटताना आपली जागा शाबूत आहे का ते बघतात.

लॉनीची बायको ट्रूडी माझ्या शेजारी बसायची. मांडीवर तान्हं, नाक लाल. लॉनी एकशे चाळीसवर होता.

आणि माझा डॅरल तीनशे चाळीसवर. पण मला त्याचे पाय दिसत होते. तो डावखुरा. पूर्वी त्याचा फटका उजवीकडच्या भिंतीवर जाऊन थडकायचा, तो आवाज मला झोपेतही ओळखू आला असता. या एप्रिलमध्ये त्याचे सगळे चेंडू डावीकडे, तिसऱ्या बेसवर उभ्या माणसाच्या डोक्यावरून, कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी मरतुकडे पडत होते. म्हणजे बॅट उशिरा येत होती. पुढचा पाय टेकेपर्यंत चेंडू अंगावर आलेला असायचा. थंडीत चेंडू टाकणाऱ्या पिचरचे खांदे आखडलेले असतात, त्यांचा वेग अजून सुटलेला नसतो, म्हणून निभावत होतं. मे महिन्यात तेच खांदे मोकळे झाले की डॅरल तिथे बॅट घेऊन नुसता उभा राहिला असता.

आणि गंमत म्हणजे लॉनीचं दुखणंही पायातच होतं. तो पाय इतका वर उचलायचा की खाली येईस्तोवर काम संपलेलं असायचं. दोघांना औषध एकच. पाय लवकर टेकव. वयाने उशीर होत असो की उतावळेपणाने, बापाने मला दोन्हींवर हाच काढा शिकवला होता.

एका दुपारी नूडल्स वाढताना मी कायदा मोडला.

"डॅरल, रागावू नकोस. पाय जरा आधी टेकवून बघ. पिचरचा हात मागे गेला की लगेच."

त्याने काटा खाली ठेवला. "काय?"

"तुला उशीर होतोय. सगळे चेंडू डावीकडे जातायत, बघ ना."

"तीनशे चाळीस," तो म्हणाला. "पेपर बघितलास का? तीन-शे चा-ळीस."

"चेंडू पडतायत म्हणून. पुढच्या महिन्यात—"

"लोर्ना, तुझा बाप शाळेच्या पोरांना शिकवायचा. मी वर खेळून आलोय." मग त्याने टेबलाला बोटांनी टकटक केली, लाकूड होतं म्हणून. "मारणाऱ्या माणसाशी बोलू नये, एवढंही कळत नाही तुला? नजर लावतेस? मीठ दे इकडे."

मी मीठ दिलं. तो जेवला, गिरणीवरून मैदानात गेला आणि त्या संध्याकाळी दोन मरतुकडे चेंडू तिसऱ्या बेसच्या डोक्यावरून पाडून आला. गाडीत शीळ घालत होता. दुपारी मी काय बोलले, त्याचा मागमूसही त्याच्या चेहऱ्यावर नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, आणि मी गाडी गिरणीच्या वळशाने घेत होते.

दुसऱ्या दिवशी लॉनी पहिल्या दोन्ही वेळा हात हलवत परत आला. लोक ओरडत होते, "अरे, बाळाला दूध पाजून ये आधी!" ट्रूडीने बाळाच्या टोपीत तोंड खुपसलं.

"लोर्ना," ती म्हणाली, "सगळ्या म्हणतात तुला दिसतं. याचं काय चुकतंय गं? मला खरं सांग. तो रात्रभर छताकडे बघत पडतो. मला नुसतं म्हणतो, तू विचार, कुणालाही विचार."

मी तिच्याकडे पाहिलं. काय मूर्ख बाई आहे, वाटलं. तिचा नवरा वाचला तर माझा जाणार, आणि ही मलाच विचारतेय. आणि तिचा नवरा म्हणे, कुणालाही विचार! एका घरात सांगायला गेले तर मीठ मागितलं, आणि दुसऱ्या घरातून निरोप आला, विचार म्हणून. खरं सांगते, मला ट्रूडीची दया आली नव्हती. मला राग आला होता, आणि तो तिच्यावर नव्हता.

"पाय," मी म्हटलं. "फार वर उचलतो. पिचरचा हात मागे गेला की टेकवायला सांग. टेकवायचा आणि थांबायचं. बस."

"एवढंच?"

"एवढंच. आणि माझं नाव घेऊ नकोस."

तिने मान हलवली. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत होतं.

लॉनीला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी त्याने मारलेला चेंडू उजवीकडच्या भिंतीवर असा आदळला की ट्रूडीचं बाळ दचकून रडायला लागलं. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. ट्रूडीने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली. मग शनिवारी एक, रविवारी दोन. बायका घोंगडीखालून माझ्याकडे बघायच्या आणि नजर वळवायच्या. कॅचरची बायको म्हणालीच, "तुझं काळीज मोठं आहे हो, लोर्ना." म्हणजे ट्रूडी बोलली होती. काळीज कसलं मोठं! कुणीतरी ऐकलं, म्हणून मी सांगितलं.

एप्रिलच्या शेवटच्या सामन्याला दक्षिणेकडून एक संघ आला. त्यांच्या पिचरचा खांदा उन्हात केव्हाच मोकळा झालेला. त्याने डॅरलच्या छातीजवळून चेंडू घातला. डॅरलची बॅट मुठीपाशी मोडली, तुकडा गवतात भिरभिरत गेला आणि चेंडू तिसऱ्या बेसच्या डोक्यावरून मऊ पडला. लोक टाळ्या पिटत होते. डॅरल पहिल्या बेसवर उभा राहून माझ्याकडे बघून हसला आणि तीन बोटं दाखवली. तीनशेच्या वरच होता अजून. मी हात हलवला. संघ निवडणारे मॅनेजर ऑस्गुड मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते खेळाडू बसतात त्या डगआउटच्या पायरीवर उभे राहून मोडक्या बॅटीकडे बघत होते. म्हातारा चौतीस वर्षं पाय बघत आला होता. त्यांनाही दिसलं होतं, पेपरवाल्यांना पाय वाचता येत नाहीत एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी डॅरलला आत बोलावलं. मी बाहेर गाडीत थांबले. दुपारचं ऊन प्रथमच खऱ्या उन्हासारखं लागत होतं. ट्रूडी लॉनीला सोडायला आली होती. मला बघून तिने हात वर केला आणि मग काय करावं न सुचून तो बाळाच्या पाठीवर ठेवला.

डॅरल बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर मोठी बॅग होती. बॅटी नव्हत्या. बॅटी त्याने लॉनीला देऊन टाकल्या, हे मला नंतर कळलं. तो गाडीत बसला, दार ओढून घेतलं आणि समोरच्या काचेकडे बघत राहिला.

"तीनशे वीस," तो म्हणाला. "तीनशे वीसवर कुणी घरी घालवतं का माणसाला?"

मी त्याची बॅग मागच्या सीटवर ढकलली.

"म्हणाले, सरासरीचं मला सांगू नकोस, तू कुठे मारतोयस ते मी बघतोय. म्हणाले, उशीर होतोय तुला." ‘उशीर’ हा शब्द त्याने असा उच्चारला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच ऐकला होता. "पाय आधी टेकवायला हवा होता म्हणे. आधी कळलं असतं तर कदाचित जमलं असतं."

मी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली.

"लॉनीला तू सांगितलंस," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "तो पोरगा भोळा, ऑस्गुडसमोरच म्हणाला, डॅरलच्या बायकोने माझा पाय बघितला. तेव्हा ऑस्गुड मला म्हणाले, अरे, मग घरात असं माणूस असताना तुला नाही का सांगितलं तिने?"

तो माझ्याकडे वळला. डोळे पाण्याने भरलेले, आणि त्यात खरोखरच प्रश्न होता. मी बारकाईने बघितलं. तो नाटक करत नव्हता. नूडल्सची ती दुपार, तो काटा, ते मीठ, काहीच त्याच्यापाशी उरलेलं नव्हतं. माझं बोलणं त्याच्या कानावर पडलं होतं, पण आत कुठे टेकलंच नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस, लोर्ना?"

लग्नाला आठ वर्षं झाली होती. बॅटिंगबद्दल त्याने मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

‘सांगितलं होतं’ एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण त्याने पुन्हा ऐकलंच नसतं, आणि यावेळी मला ते सहन झालं नसतं.

"राहून गेलं," मी म्हटलं.

त्याने मान हलवली, जणू हे त्याला पटलं. बायका विसरतात, चालायचंच. मी गाडी पुलाकडे वळवली. पाच मिनिटांत घर आलं असतं.

"अगं, इकडून कुठे?" तो दचकून म्हणाला. "गिरणीवरून घे ना. नेहमीसारखी."

मी गाडी पुलावर घातली.