न लावलेला दिवा

"आजी, दिवा रोज लावता ना?" अमृतने या खेपेलाही तेच विचारलं.

"न्हाई. पडलाय तसाच," कोंडाबाई म्हणाली.

तिची सून आरती चुलीपुढे मान खाली घालून भाकरी थापत राहिली.

पावसाळा सरताना पुण्याच्या एका कंपनीने घाटघर गावातल्या काही घरांत हे दिवे फुकट टांगले होते. छपरावर उन्हात तापणारी काचेची पाटी आणि घरात हरभऱ्याएवढ्या पांढऱ्याशुभ्र ठिपक्यांचा दिवा. हात लावला तरी भाजत नसे. याला एलईडी म्हणतात, अजून बाजारात यायचाय, असं अमृत सांगायचा. लोक तो कशाकशाला वापरतात, तेवढंच विचारायला तो महिन्याला जीप घेऊन येई.

तेवढंच? कोंडाबाईला ते पटेना. तिचं लग्न झालं त्या साली माहेरी असेच गोड बोलणारे साहेब आले होते. आंबे किती, बैल किती, भात किती होतं? बापाने हौसेने सगळं सांगितलं. पुढे ते गाव धरणाखाली गेलं. परक्याला आपल्या घरातलं सांगायचं नाही, एवढं तिने तेव्हाच मनाशी बांधलं.

खरं तर दिवेलागण झाली की तो दिवा खिळ्यावर राहतच नसे. गाय व्यायली ती त्याच उजेडात. रॉकेलची चिमणी बंद झाल्यापासून आरतीच्या बाळाची रात्रंदिवसाची खोकल्याची ढास थांबली होती.

अमृतने कागद मिटला. "मग असं करतो. पलीकडचे जानकू दिवा मागतायत. तुमचा त्यांना देतो."

आरतीचा हात परातीत थांबला. "आत्याबाई..."

"तू गप."

"वापरत असाल तर राहू दे, आजी," अमृत हसून म्हणाला. "खरं सांगा, काही होत नाही."

माहेरी आलेले साहेबही असंच म्हणाले होते. कोंडाबाई उठली. दिवा काढून तिने पदराने पुसला आणि त्याच्या हातात दिला.

"न्या."

छपरावरची पाटीही उतरवून घेऊन जीप गेली. मागून कुणी आलं नाही, कुणी काही मोजलं नाही. कोंडाबाईने बरेच दिवस वाट पाहिली. घरात पुन्हा चिमणी पेटू लागली आणि बाळ पुन्हा ढासू लागलं.

एका संध्याकाळी आरतीने बाळाला कडेवर घेतलं, निवडायच्या तांदळाचं सूप उचललं आणि ती जानकूच्या ओसरीवर जाऊन बसली. कोंडाबाईने चिमणीच्या धुरात थोडे खडे वेचून पाहिले. मग आपलं सूप घेऊन तीही निघाली.

जानकूची बायको चिमाबाई सरकून बसली. "या की. लई झ्याक उजेड हाय बघा. तुमी म्हनं कधी लावलाच न्हाई?"

आरतीने मान वर करून सासूकडे पाहिलं.

"आमाला काय गरज व्हती," कोंडाबाई म्हणाली. आणि सूप उजेडाकडे ओढून ती तांदळातले खडे वेचू लागली.