शिफारस क्रमांक बारा

एकोणीस वर्षांत समितीची पहिली शिफारस मान्य झाली. रीतसर पत्र आलं. खाली सही होती, सहीवर शिक्का होता आणि शेवटी आभारसुद्धा मानले होते.

पण हे घडलंच नाही असं आपण तूर्त धरून चालू. पंपवालेही तसंच धरून बसले होते. पत्र वाचून झाल्यावर त्यांनी ते घडीवर घडी घालून पुन्हा पाकिटात सरकवलं, पाकिटाला डिंक लावला आणि ते न फोडल्यासारखं टेबलावर ठेवून दिलं. मग त्याच्याकडे पाठ करून ते एका मोटरीचं बेअरिंग काढायला बसले.

"काय आलंय?" बायकोनं आतून विचारलं.

"काही नाही."

"काही नाही, तर एवढा शिक्का कशाला?"

"काही नाही याचाच शिक्का आहे तो."

पंपवाले पंप दुरुस्त करायचे. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरीवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटांत सांगायचं की बेअरिंग गेलंय, कॉइल गेलीय किंवा मालकाला ऐकू कमी येतं, पंप ठणठणीत आहे. डॉक्टरपेक्षा यांचं निदान पक्कं, असं लोक म्हणत. त्यांचे पेशंट उलटून बोलत नसत, हाही एक फायदा होता.

तीन महिन्यांतून एकदा मात्र ते हात रॉकेलनं धुऊन, धुतलेला शर्ट घालून कृषी विस्तार केंद्रात जात. हे केंद्र शेतकऱ्यांना सल्ला द्यायचं. केंद्राला सल्ला द्यायला चार माणसांची बिनपगारी समिती होती. हा सल्ला ऐकायचा अधिकार केंद्राला नव्हता, तो शहरातल्या मुख्य कार्यालयाला होता. आणि मुख्य कार्यालयाला कानच नव्हते, फक्त शिक्का होता. 'नोंद घेण्यात आली' असा. प्रत्येक शिफारशीपुढे तो एकदा उमटायचा, वर्षा-सव्वा वर्षानं.

समितीच्या अध्यक्ष निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना सगळे बाई म्हणत. मुख्य कार्यालयाच्या पत्रांतल्या चुका त्या लाल पेनानं दुरुस्त करत, खाली दहापैकी गुण देत आणि पत्र फाइलला लावत. दुसरा मधवाला. त्याच्या मधमाश्या होत्या आणि त्याला सगळ्या विषयांची खात्री होती. तिसरे पंपवाले. चौथे आजोबा. आजोबा सभेत झोपत. झोपलेल्या सदस्याची हरकत नाही असं धरावं, असा ठरावच बाईंनी पहिल्या वर्षी करून ठेवला होता. तोही ते झोपलेले असताना.

चार जण हजर असल्याशिवाय सभा भरत नसे, आणि समितीत होते चारच. त्यामुळे कुणालाच आजारी पडता येत नव्हतं. एकदा आजोबा जवळजवळ गेलेच होते. बाई उशाशी जाऊन म्हणाल्या, "मंगळवारी सभा आहे." आजोबा उठून बसले.

आता पंपवाल्यांची जमीन. वरच्या अंगाला कालवा आला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कालव्याचं पाणी मुरत मुरत खाली आलं, जमिनीतला खार घेऊन वर आलं आणि सगळ्यांत खोलगट असलेलं पंपवाल्यांचं शेत कडेनं पांढरं पडायला लागलं. उपाय एकच होता. एक चर खणायचा आणि साचलेलं पाणी ओढ्याला सोडायचं. पण चर अकरा जणांच्या बांधांतून जाणार. तो आखायचा हक्क फक्त केंद्राला, आणि केंद्राला तो मुख्य कार्यालयाच्या होकाराशिवाय आखता येत नव्हता. म्हणून शिफारस क्रमांक एक दर वर्षी तीच असायची: 'चर खणण्यात यावा.' नोंद घेण्यात आली.

पंपवालेही नोंद घेत. दर वर्षी पांढऱ्या रेघेवर ते एक लाकडी खुंटी ठोकत. पहिली बांधाशी होती. अठरावी शेताच्या मध्यावर आली होती.

बायको समितीला हसायची. "अहो सल्लागार, दूध उतू चाललंय. ठराव मांडा." पण यंदा ती हसली नाही. लेकीनं शहरातल्या आपल्या घरी एक खोली रिकामी केली होती, पडदेसुद्धा लावले होते.

"यंदा चर झाला तर राहायचं. नाही झाला तर जायचं," ती म्हणाली. "मी मिठात भेंड्या लावणार नाही."

"एवढी शेवटची सभा बघू."

"एकोणीस वर्षं तेच म्हणताय तुम्ही."

"मग आता सवय झाली असेल ना?"

सभेच्या दिवशी पंपवाले आधी शेजारच्या खोलीत डोकावले. तिथे माती तपासणारी ताई बसायची. केंद्राचा साहेब बदलून गेल्याला सहा वर्षं झाली होती, नवा आला नव्हता. त्यामुळे ताईच माती तपासे, ताईच टपाल लिही, ताईच झाडू मारी आणि फोन आला की आवाज जाड करून "साहेब बाहेर गेलेत" असंही तीच सांगे. खोलीत माती वाळवायची भट्टी, काचनळ्यांचा स्टँड आणि खार मोजायचा एक मीटर होता. पंपवाल्यांच्या मातीची पिशवी ती दर हंगामाला स्वतः जाऊन भरून आणायची.

"काका, आकडा आधी सांगू की चहा आधी घेता?"

"चहा घेतल्यावर आकडा उतरतो का?"

"नाही."

"मग आकडा सांग."

तिनं चिठ्ठी पुढे केली. "खालची अर्धी गेली. वरची अर्धी अजून आहे, पण एकच हंगाम. चर झाला तर वाचेल."

"आणि नाही झाला तर?"

"चहा घ्या, काका."

सभेत बाईंनी अकरा शिफारशी वाचल्या. चर, साहेब, मधवाल्याच्या मागणीप्रमाणे रस्त्याकडेला फुलझाडं, गळकं छप्पर वगैरे. पंपवाले ऐकत होते. बंद पडलेल्या मोटरीला कान लावावा तसे.

"बाई, तिकडे हे कुणी वाचत असेल का?" त्यांनी विचारलं.

"वाचतात की," मधवाला म्हणाला. "खात्री आहे माझी."

"कशावरून?"

"खात्रीला कशावरून नसतं."

"मग तपासून बघू," पंपवाले म्हणाले. "मोटर चालू आहे की नाही कळत नसेल तर मी हात लावून बघतो. झटका बसला की चालू. बारावी शिफारस घाला: 'हे केंद्र कायमचे बंद करण्यात यावे.' कुणी वाचत नसेल तर 'नोंद घेतली' म्हणून येईल, म्हणजे आपणही सुटलो. आणि कुणी वाचलं, तर दचकून धावत येईल. केंद्राची समितीच केंद्र बंद करा म्हणते? काय झालंय काय तिथे? आला की हाताला धरून खुंट्या दाखवतो त्याला."

बाईंनी बराच वेळ विचार केला. वाक्यात चूक नव्हती. "हरकत?"

आजोबा घोरले.

"सर्वानुमते," बाईंनी लिहिलं.

कागद टाइप करायला ताईकडे गेला. ती दारात येऊन उभी राहिली. "काका, बारा नंबर खरंच टाइप करू?"

"कर गं. वाचणार कोण?"

"मी वाचला ना."

"तुझी गोष्ट वेगळी," पंपवाले म्हणाले.

तिनं कागद पुन्हा एकदा वाचला. मग आत गेली आणि टाइपरायटरचा आवाज यायला लागला.

उत्तर नऊ दिवसांत आलं, सूचक म्हणून थेट पंपवाल्यांच्या नावे. अकरा शिफारशींपुढे नेहमीचा शिक्का होता. बारावीपुढे 'मान्य' असं हातानं लिहिलं होतं. हा कर्मचारी कपातीचा विषय सहा वर्षं अडलेला होता, समितीच्या दूरदृष्टीमुळे मार्गी लागला, असं खाली होतं. म्हणजे मोटर चालू होती. न दचकता हो म्हणणारा माणूसही असू शकतो, हे पंपवाल्यांच्या हिशेबात नव्हतं.

डिंक लावलेलं पाकीट चार दिवस टेबलावर राहिलं. पाचव्या दिवशी केंद्रासमोर एक टेम्पो उभा राहिला. त्यातून दोन माणसं यादी घेऊन उतरली. त्यांनी भट्टी नेली, मीटर नेला, खुर्च्या नेल्या. भिंतीवरचं बंद घड्याळ यादीत नव्हतं, म्हणून ते राहिलं.

पंपवाले धावत पोचले तेव्हा ताई पायरीवर पिशवी घेऊन बसली होती.

"तुला कुठे टाकलं?"

"मुख्य कार्यालयात. समित्यांच्या शिफारशी येतात ना, त्या टेबलावर."

"मग वाचत जा गं सगळ्या."

"वाचायचं काम वेगळ्या टेबलाचं आहे, काका. माझ्याकडे फक्त शिक्का."

त्यांना माफी मागायची होती. पण तशी त्यांनी कधी कुणाची मागितली नव्हती, त्यामुळे शब्द कुठून सुरू होतात ते माहीत नव्हतं. त्यांनी तिची पिशवी उचलून बसपर्यंत नेली. पिशवी हलकी होती. तरी त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती.

पुढच्या मंगळवारी तातडीची सभा भरली, कुलूप लावलेल्या दारासमोर, पायऱ्यांवर. केंद्र बंद झालं होतं, पण समिती बंद करायची शिफारस कुणी केली नव्हती. आजोबा त्या दिवशी जागे होते. पायरी टोचत होती.

"काय ठरलं होतं मागच्या वेळी?" त्यांनी विचारलं.

"केंद्र बंद करायचं ठरलं," बाई म्हणाल्या.

"हे कुणी ठरवलं?"

"सर्वानुमते."

"मी हरकत घेतली असती!"

"तुम्ही झोपला होता."

"अहो, मग उठवायचं ना!" आजोबा म्हणाले. मधवाल्याला पहिल्यांदाच कसली खात्री वाटत नव्हती.

त्या हंगामात पांढरी रेघ एकदम पुढे आली. एकोणिसावी खुंटी पंपवाल्यांनी आपल्याच पंपाच्या खोलीच्या उंबऱ्याशी ठोकली. मग आत जाऊन त्यांनी पंप सुरू केला, स्क्रू ड्रायव्हर टेकवला, मूठ कानाला लावली. पंप ठणठणीत होता. बायको दारात येऊन उभी राहिली. दूध, ठराव, भेंड्या यांतलं काहीच ती बोलली नाही.

"काय म्हणतोय?" तिनं विचारलं.

"पाणी ओढतोय."

"बरं. तो बांधून घ्यायचा का?"

"असू दे," ते म्हणाले आणि त्यांनी बटण बंद केलं.

सामान टेम्पोत चढलं. निघण्याआधी पंपवाले बाईंकडे गेले, हात रॉकेलनं धुऊन. पत्राचा मजकूर त्यांनी सांगितला. बाईंनी लिहिला. लाल पेन त्यांनी काढलंच नाही.

प्रति, मुख्य कार्यालय, शिफारशींचे टेबल.

समितीची सभा बंद केंद्राच्या पायऱ्यांवर झाली. चारही सदस्य हजर होते व चौघेही जागे होते. सदस्य क्रमांक तीन यांचा पत्ता बदलला असून सभेच्या दिवशी ते पहिल्या बसने येतील. सभेत पुढील एकच शिफारस सर्वानुमते मंजूर झाली: शिफारस क्रमांक बारा या समितीने कधी केलीच नव्हती असे धरण्यात यावे, आणि केंद्र, माती तपासणाऱ्या ताई व खुंटी क्रमांक एक ते एकोणीसमधली जमीन पूर्ववत करण्यात यावी, ही नम्र विनंती.