बैलाची खोड आणि माणिकरावांची शुगर

हट्ट्याचे माणिकराव कॅनडाला निघाले होते. लेक बालाजी तिकडं नोकरीला, सून आरोहीचे दिवस भरत आलेले, म्हणून नवरा-बायको सहा महिन्यांसाठी जाणार. आठवडाभर घरात नुसती माणसांची रीघ. शाल काय, नारळ काय! चहा करून करून त्यांच्या थोरल्या बहिणीचा, नर्मदाबाईंचा, पार जीव शिणला होता.

आतल्या खोलीत बायको मिराबाई त्यांच्या गोळ्या पाकिटांतून सोलून स्टीलच्या डबीत भरत होती. पाकिटं दिसली की लोक विचारतात, असं माणिकरावांचं म्हणणं.

तेवढ्यात विम्याचं काम करणारा संतोष ओसरीवर आला. ओसरी माणसांनी भरलेली.

"तात्या, तिकडच्या दवाखान्यासाठी विमा काढायला बालाजीनं सांगितलंय. बीपी, शुगर काही हाय का?"

माणिकरावांनी मिशीवर हात फिरवला. "शुगर? अरे, अजून पोतं उचलतो मी! लिही, ठणठणीत."

"व्हय व्हय, तात्या म्हंजे वाघ!" ओसरी हसली.

हा वाघ रोज सकाळी कोठीचं दार लावून इन्सुलिनची सुई टोचून घेतो, हे घरातल्या बायांनाच माहीत. नर्मदाबाई गाळणी हातात घेऊनच बाहेर आल्या.

"माणक्या, बैलबाजारात तुझं नाव कशानं झालं रे?"

"आक्का, ते काय आता मधीच?"

"सांग की. लाजून राहिला काहून?"

"खोड सांगून बैल देतो म्हणून."

"बराबर! मुक्या जनावराची खोड चारचौघांत सांगतोस, आन् सोताची कोठीत लपवतोस?"

"आक्का, माणसं बसलेत!"

"बसू दे. तिकडं पडलास तर ही माणसं येणारेत का उचलायला? पोरगं बायकोचं बाळंतपण बघंल का तुझा दवाखाना? हात गळाले माझे चहा ढवळून. तुझ्या दहाव्याला पुन्हा ढवळायला लावू नको!"

माणिकरावांची मान खाली गेली. हळूच म्हणाले, "संतोष, खरं सांगितलं तर विमा नाकारतेत का रे?"

"एखादी कंपनी नाकारंल, तात्या. दुसरी बघू. कशाचा खर्च मिळंल, कशाचा न्हाई, ते इथंच कळंल. पण लपवलं, तर तिथं ऐन टायमाला हात वर करतेत. आन् गोळ्या पाकिटातच राहू द्या. डॉक्टरची चिठ्ठी सोबत घ्या. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा."

माणिकरावांनी मान वर केली. "लिही मग. शुगर हाय. सुई घेतो मी. मिरा, फेक ती डबी, नवी पाकिटं आणू!"

कोपऱ्यातून शेषराव पुटपुटले, "मला बी हाय, तात्या. घरी सांगितलं न्हाई अजून."

कुणी हसलं नाही. नर्मदाबाईंनी कपाळावर हात मारला. "घ्या! अजून कोण कोण हाय? बिनसाखरेचा किती टाकू?"

आता तुम्हीच सांगा बापहो, परदेशी जाताना लोणच्याची बरणी फुटू नये म्हणून चार फडकी गुंडाळता, आणि जिवाची सोय मात्र देवावर टाकता! आजार म्हणजे बेअब्रू नव्हे. निघण्याआधी तो खरा सांगा, औषधाची आणि विम्याची तजवीज करा. तुम्ही मिशी राखायला लपवाल, आणि परक्या मुलखात दवाखान्याच्या दारात तुमचं लेकरू उभं राहील!