कन्हानला गेलेला डबा

सीताबर्डीतलं आमचं दुकान इतकं अरुंद आहे की मी आणि गिऱ्हाईक, दोघांपैकी एकानंच मोठा श्वास घ्यावा. रिमोट, वायरी, डिशच्या छत्र्या आणि टीव्हीचे सेट-टॉप डबे आम्ही विकतो. दर महिन्याचं रिचार्ज महाग झालं तसे लोक फुकट चॅनलच्या डब्याकडे वळले. पैसेवाल्या कंपनीचा डबा घेतला तर गिऱ्हाइकाचं नाव-नंबर सगळं लिहून घ्यावं लागतं. फुकटवाल्याचं तसं काही नाही. डबा पिशवीत घातला की राम राम. मला हेच बरं वाटायचं, कारण माझ्यात उरक फार आणि धीर कमी. विश्वनाथ, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की प्रमोदिनीच्या जिभेला हाड नाही.

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. सकाळीच नव्या डब्यांचं खोकं आलं होतं. स्वस्त माल, पत्र्याच्या अंगाचे डबे. विश्वनाथ नवीन मालातला एकेक डबा लावून बघतो आणि मगच विकायला काढतो. त्या दिवशी तो बँकेत अडकला होता. मी खोकं फोडलं.

तीनच्या सुमारास एक साठीच्या बाई आल्या. मी काही विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सगळं सांगितलं. नाव जिजाबाई, घर कन्हानला पिठाच्या गिरणीला लागून, छत्री शाबूत आहे पण डबा जळला, मुलगा खाणीत दुसऱ्या पाळीला असतो आणि संध्याकाळ खायला उठते. मागं तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"चांगला आहे ना वं?" त्यांनी विचारलं.

"एकदम चांगला."

"आज गुरुवार आहे. दिवा लागला का देवीसंगं याचीबी पूजा करीन म्हणते. चालू करून ओल्या बोटानं हळदकुंकू लावलं, पाणी फिरवलं, तं चालते ना?"

"आंघोळ घाला त्याले, मावशी," मी म्हणाले. "काही होत नाही."

मागचे हसले. जिजाबाईही हसल्या आणि पिशवी छातीशी धरून बसस्टॉपकडे गेल्या.

साडेचारला एका गिऱ्हाइकाला दाखवायला मी त्याच खोक्यातला दुसरा डबा टीव्हीला लावला. मग वरच्या फळीवरची वायर काढायला चप्पल काढून स्टुलावर चढले. उतरताना एक पाय फरशीवर टेकला आणि तोल सावरायला हात डब्यावर गेला. खांद्यापर्यंत कोणीतरी हात पिळून काढल्यासारखं झालं. मी मागच्या वायरींच्या ढिगात पडले, म्हणून हात सुटला. गिऱ्हाईक केव्हा निघून गेलं ते मला कळलं नाही.

तेवढ्यात विश्वनाथ आला. त्यानं डब्याच्या पत्र्याला टेस्टर लावला, तर लख्ख पेटला. खोक्यातले आणखी चार लावून पाहिले. चारही तसेच.

"माल वापस करू," तो म्हणाला. "यातला गेला तं नाही ना कोणाकडं?"

मी त्याला जिजाबाईंचं सांगितलं. एक गेला होता. फक्त एकच.

"फोन कर मंग त्याइले."

"नंबर नाही ना."

"घाबरून काहून राहिली? इतका करंट तं आपल्याले लागतच राह्यते."

"आपल्या पायात चप्पल राह्यते," मी म्हणाले. "त्या पूजा करणार आहेत. अनवाणी, ओल्या हातानं. मीच त्याइले सांगितलं का काही होत नाही."

विश्वनाथनं टेस्टर खाली ठेवला. मी फळीवरचा एक महागातला डबा उचलून पिशवीत कोंबला आणि स्कूटरची किल्ली घेतली.

डिसेंबरात दिवा साडेपाच-पावणेसहालाच लागतो. सदर ओलांडलं तेव्हा पाच वाजायला आले होते. इंदोऱ्याच्या सिग्नलला मी सगळ्यांच्या पुढं जाऊन उभी राहिले, एक रिक्षावाला शिवी देऊन गेला, मी ऐकून घेतली. एरवी मी ऐकून घेणाऱ्यातली नाही. ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढं ट्रकच ट्रक. प्रत्येक ट्रकच्या मागं मला एकच दिसत होतं, की त्या बाई हात-पाय धुऊन येतायत, बोट पाण्यात बुडवतायत. मग मी मनातल्या मनात त्यांच्या घरची लाइट घालवायचे. देवा, आज कन्हानची लाइट जाऊ दे. कामठी आली तर रस्त्यावरचे दिवे लागत होते, आणि नदीच्या पुलावरून पलीकडचं सगळं गाव उजळलेलं दिसत होतं. लाइट गेलेली नव्हती.

कन्हानला पहिली गिरणी सापडली ती बंद निघाली. शेजारी कोणी जिजाबाई राहत नव्हत्या. पानठेलेवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "भैय्याजीची गिरणी पाहून राहिल्या का? ते मागं हाय, मंदिराच्या तिकडं." स्कूटर तिसऱ्या किकला सुरू झाली.

भैय्याजींच्या गिरणीचा धडधडाट गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होता. तिला लागूनच बैठं घर. पिठाची धूळ आत येऊ नये म्हणून दार लावलेलं, खिडकीच्या काचाही लावलेल्या. मी काचेला नाक लावलं.

कोपऱ्यात चौरंगावर देवीचा कलश मांडलेला होता, समई लागली होती. शेजारी टेबलावर टीव्ही, टीव्हीपुढं आमचा डबा, आणि डब्याचा लाल दिवा चालू. जिजाबाई अनवाणी उभ्या होत्या. एका हातात तांब्या होता, दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी कुंकवाच्या करंड्यात बुडवलं होतं.

"मावशी!" मी ओरडले. गिरणीनं माझा आवाज खाऊन टाकला. काच वाजवली, दारावर दोन्ही हात आपटले. त्यांनी मान वळवली नाही. देवीला कुंकू लावून झालं आणि त्या टेबलाकडे वळल्या.

ओसरीच्या भिंतीवर मीटर होतं. त्याखालचा मेन स्विच मी खाली ओढला.

घर काळोखात गेलं. एक समई तेवढी उरली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. जरा वेळानं दार उघडलं.

"कोण हाय वं? लाइट काहून बंद केली?"

"मावशी, मी. सीताबर्डीच्या दुकानातली." मी म्हणाले. "हात लावला का तुम्ही डब्याले?"

"लावूनच राहिली होती."

"त्याच्यात करंट उतरला आहे."

मी सगळं सांगितलं. खोकं मीच फोडलं, डबा मी तपासला नाही, पाण्याचं मी काही न जाणता बोलले, तेही सांगितलं. जिजाबाई उंबऱ्यावर बसल्या. कुंकवाचं ओलं बोट त्यांनी समईच्या उजेडात धरलं आणि त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"रात्री पोरगा आला असता," एवढंच म्हणाल्या, "तं मी इथं पडून राहिली असती."

मी चपला बाहेर काढून आत गेले, प्लग ओढला, दुपारचा डबा बाजूला केला, पिशवीतला नवा जोडला. बाहेर येऊन मेन स्विच वर केला आणि पुन्हा आत गेले. डब्याचा दिवा लागला, टीव्हीवर चित्र आलं. माझा जीव भांड्यात पडला.

"घ्या मावशी. याचे पैसे नको. हा महागातला आहे, चांगल्या कंपनीचा. करा आता पूजा."

जिजाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"हा तपासला?"

मी घाईत फळीवरून उचलला होता. टेस्टर दुकानातच राहिला होता.

"चांगल्या कंपनीचा आहे मावशी."

"दुपारी तोबी चांगलाच होता ना वं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या उठून आत आल्या आणि त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढं धरला. "हात ओला कर. चपला तं तू बाहेरच काढल्या. पहिले तू हात लाव, मंग मी लावते."

मी तांब्यात बोटं बुडवली. फरशी तळपायांना गार लागत होती. मला पक्कं ठाऊक होतं की या कंपनीचे शेकडो डबे आम्ही विकलेत आणि एकाचीही तक्रार आलेली नाही. मी हात पुढं नेला. डब्यापासून वीतभर अंतरावर तो थांबला. मी त्याला पुढं ढकलत होते, पण जाईना. बोटांवरचं पाणी टेबलावर टपटपत होतं आणि जिजाबाई बघत होत्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "ने हाबी."

मी प्लग काढला आणि दोन्ही डबे पिशवीत भरले. प्लग निघालेला होता, वायर सुटी होती, तरी ते उचलताना मी हाताला ओढणी गुंडाळली.