चिंचेकडे की पायरीकडे

मी एक छडी बोलते आहे. वेताची. माझं नाव काढलं की चांगल्या जाणत्या माणसांचेही तळहात आपोआप पाठीमागे जातात, हे मला ठाऊक आहे. पण घाबरू नका. मला मारण्याबद्दल फारसं बोलायचं नाही, उत्तरांबद्दल बोलायचं आहे. माणसांना उत्तरं इतक्या घाईने हवी असतात की त्या घाईचा मला जन्मभर वैताग आला. आता हे मला नीट सांगता येईल की नाही, याचीही धास्ती आहे. छडीला सांगायची सवय नसते, नुसतं दाखवायची असते.

माझा जन्म कणकुंबीच्या रानातला. वेत एकटा सरळ उभा राहत नाही. शेजारच्या झाडाला काट्यांनी धरत धरत तो वर चढतो. मला तोडलं, काटे सोलले, विस्तवावर शेकून सरळ केलं आणि जुडीत बांधून बेळगावच्या बाजारात आणलं. तिथून एका गावचे थोरले मास्तर मला घेऊन गेले. गाव सदलग्याच्या पलीकडचं, तंबाखूच्या शेतांमधलं. शाळेच्या पुढे पटांगण, पटांगणाच्या उत्तर कडेला चिंचेचं झाड आणि दक्षिण कडेला शाळेची दगडी पायरी. एवढं लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ या चिंचेचा आणि पायरीचा आहे.

थोरल्या मास्तरांनी मला हातांवर वापरलं, ते जगरहाटीप्रमाणे. पण माझा खरा उपयोग दिपोटीसाहेब तपासणीला येत तेव्हा होई. दिपोटी वर्षातून एकदा येत, मुलांना प्रश्न विचारत आणि वरच्या इयत्तेत चढवत. त्या दिवशी मास्तर मला टेबलावर आडवी ठेवत. माझा शेंडा उजवीकडे सरकवला की उत्तर ‘होय’, डावीकडे सरकवला की ‘नाही’. मुलं साहेबांच्या तोंडाकडे बघतच नसत, माझ्या शेंड्याकडे बघत. साहेब खूश होऊन जात. गावची निम्मी पोरं माझ्या शेंड्यावर पास झाली. मी काय करणार? ज्या बाजूला सरकवलं त्या बाजूला मी सरकले.

थोरले मास्तर गेले आणि मारुतीराव मास्तर आले. वयाने तरुण, अंगाने किडकिडीत. बोलताना टोपी सारखी मागेपुढे करायची सवय. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रश्न विचारला आणि अख्खा वर्ग माझ्याकडे बघत बसला. मास्तरांना कळेना. मग कळलं. त्यांनी मला उचलून कोपऱ्यात उभी केली.

या माणसाला एक खोड होती. मुलाने काही विचारलं की ते उत्तर देत नसत. म्हणत, "हे कसं कळेल बरं?" तंबाखूचं पान सकाळी मऊ असतं आणि दुपारी त्याचा चुरा होतो, असं का? "कसं कळेल बरं?" मग मुलं चार पानं सावलीत, चार उन्हात, चार ओल्या गोणपाटाखाली ठेवून बसत आणि भांडत. मला कोपऱ्यातून वाटे, अरे बाबा, सांगून टाक की एकदाचं! सुरुवातीला मीही कंटाळले, खोटं कशाला बोलू.

गाव तर चिडलंच. एक दिवस रायगोंडा आप्पा शाळेत आले. मोठे तंबाखूवाले शेतकरी, आवाज शेताच्या बांधावरचा. त्यांची पद्मावती चौथीत होती.

"मास्तर, एक इचारू? पगार तुमास्नी मिळतोय का पोरांस्नी?"

"मला मिळतो, आप्पा."

"मग उत्तरं पोरांनी का द्यायची? पोरगी घरात येऊन मलाच इचारती, आप्पा, तुमाला हे कशावरनं कळलं? मी बाप हाय, तेवढं बास न्हाय व्हय?"

मास्तरांनी टोपी मागे केली, पुढे केली. आप्पा जाता जाता म्हणाले, "मी रोखठोक सांगतो. औंदा दिपोटीनं पास केली तर शिकू दे पुढं. न्हाय केली तर घरात कामं पुष्कळ हाईत."

पद्मावती दारात उभी राहून ऐकत होती. तिने पाटी घट्ट छातीशी धरली होती, एवढं मला दिसलं.

मृगाच्या सरी पडून गेल्यावर मधूनमधून उघडीप असे. तशा एका दिवशी वर्ग भूगोलाचा धडा एका सुरात वाचत होता. ‘मध्यान्ही आपली सावली उत्तरेकडे पडते.’ सगळे मिळून तीनदा म्हणाले. चौथ्यांदा म्हणताना पद्मावती गप्प झाली.

"मास्तर, उत्तर म्हंजे चिंचेकडं न्हवं?"

"होय."

"काल जेवायच्या सुट्टीत माझी सावली पायरीकडं पडलीती."

वर्ग हसला. जोतिबा नावाचा पोरगा ओरडला, "मास्तर, हिची सावलीबी उलटी!"

मास्तर हसले नाहीत. त्यांनी मला कोपऱ्यातून उचललं, पटांगणाच्या मधोमध नेलं आणि जमिनीत रोवलं. "कसं कळेल बरं?" म्हणाले.

रोवली गेले तेव्हा मला अपमान वाटला. टेबलावर राहिलेली मी, चिखलात उभी. मुंग्या चढल्या. एका कुत्र्याने काय केलं ते सांगत नाही. पण भर दुपारी ऊन पडलं, सगळी मुलं माझ्याभोवती गोल बसली आणि पुन्हा माझ्याकडे बघू लागली. तेच डोळे. फक्त या वेळी मला कुणी सरकवत नव्हतं. माझी सावली चार बोटं पडली होती आणि ती सरळ पायरीकडे, म्हणजे दक्षिणेला होती.

"पुस्तक चुकलंय," जोतिबा म्हणाला.

"की आपण?" मास्तर म्हणाले. "एका दिवसाने काय कळतंय?"

मग नियम ठरला. ज्या दुपारी ऊन असेल, त्या दुपारी सावली सगळ्यात आखूड झाली की तिच्या टोकाशी एक चिंचोका ठेवायचा. ऊन नसेल तर चिंचोका नाही. एका ढगाळ दुपारी जोतिबाने हौसेने एक ठेवला. मास्तरांनी शांतपणे विचारलं, "हे तू पाहिलंस?" जोतिबाने मान खाली घातली आणि चिंचोका उचलून खिशात टाकला. त्यांनी त्याला मारलं नाही. मी तर जमिनीतच होते.

आषाढ लागला तशी चिंचोक्यांची एक ओळ झाली. सगळे पायरीच्या बाजूला, आणि ओळ हळूहळू माझ्या पायाकडे सरकत होती. पद्मावती रोज येऊन ती ओळ बघे. एकदा तीच मास्तरांना म्हणाली, "सूर्य आपल्या डोक्याच्या पल्याड, चिंचेच्या अंगाला गेलाय. तो परत फिरायला लागलाय. मग एक दिवस सावली पायात शिरंल. आणि मग चिंचेकडं पडंल. तवा पुस्तक खरं व्हईल. व्हय न्हवं?"

मास्तर म्हणाले, "कसं कळेल?"

"थांबून," ती म्हणाली.

मारुतीराव तेव्हा किती खूश झाले, ते त्यांच्या टोपीवरून कळलं. ती डोक्यावरून पडलीच.

आणि मग दिपोटीसाहेबांची तपासणी आली.

आता माणसांच्या शहाणपणाची गंमत ऐका. साहेब येणार म्हणून आदल्या संध्याकाळी गावाने पटांगण साफ करायचं ठरवलं. शाळेशेजारची नागुबाई आणि आणखी दोघीचौघींनी झाडलोट केली, शेणाचा सडा घातला, मला मध्ये धरून रांगोळीसुद्धा काढली. चिंचोके? केराबरोबर गेले. एक उरला नाही. नागुबाई सकाळी मास्तरांना म्हणाली, "बघा, कसं आरशावानी केलंय. काय घाण पडलीती पोरांची!" मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. इतक्या दिवसांची उनं! मुलांनी हाताने गोळा केलेली, आणि साहेबांना दाखवायची वेळ आली तेव्हा साहेबांसाठीच झाडून टाकलेली.

त्यात आभाळ भरलेलं.

साहेब पुण्याकडचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी नद्या विचारल्या, गणितं घातली. पद्मावतीने सगळं बरोबर सांगितलं. मग पुस्तक उघडून त्यांनी विचारलं, "मध्यान्ही आपली सावली कोणत्या दिशेला पडते?"

तिने सवयीने टेबलाकडे पाहिलं. मी तिथे नव्हते. मी बाहेर रांगोळीत उभी होते.

"साहेब, आता कुठल्या म्हयन्यात इचारताय?"

"म्हणजे?"

"आत्ता आमच्यात दक्षिणेला पडती. पुढं उत्तरेला पडंल."

साहेब हसले. "मुली, तुमच्या गावाला सूर्य निराळा आहे का? पुस्तकात काय दिलंय?"

"पुस्तकात उत्तरेला दिलंय. पण आमी बघितलंय."

मारुतीराव सगळ्यांना बाहेर घेऊन आले. पाटील आले, रायगोंडा आप्पा आले, निम्मं गाव आलं. मी उभी, आणि माझ्या पायाशी काहीच नाही. ना सावली, ना चिंचोके. मास्तर चिंचोक्यांबद्दल सांगायला लागले तर साहेब म्हणाले, "अहो, चिंचोके काय, कुणीही ठेवील." हे मात्र खरं होतं, म्हणून जास्त लागलं. सगळे आभाळाकडे तोंड करून उभे राहिले. ढग हलेना. पाटलांच्या घरी साहेबांचं पान वाढून ठेवलं होतं, तिकडून दोनदा बोलावणं आलं.

शेवटी साहेब नरमाईने म्हणाले, "हे बघ, हुशार आहेस तू. पुस्तकाप्रमाणे उत्तर सांग, मी तुला पास करतो."

"म्हण की गं," आप्पा पुटपुटले. "उत्तर म्हण आणि सुट. तोंड झिजतंय व्हय?"

मारुतीराव माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा तळवा ओला होता. मला थोरल्या मास्तरांची आठवण झाली. मुलांनाही झाली असावी, कारण सगळ्यांचे डोळे माझ्यावर आले. मला जरा चिंचेकडे कलवली असती तरी पुरे होतं. मुलीने ते ओळखलं असतं. तिचं शिक्षण वाचलं असतं.

त्यांनी हात काढून घेतला.

ते बरोबर होतं का? मी आजही नक्की सांगू शकत नाही. पोरीचं सगळं आयुष्य पणाला लागलेलं आणि हा माणूस हात काढून घेतो! मला तेव्हा त्याचा रागच आला होता.

पद्मावती म्हणाली, "पुस्तकात उत्तरेला हाय, असं म्हणते. पडती म्हणून न्हाय म्हणणार."

साहेबांनी सुस्कारा सोडला, नापास लिहिलं आणि ते जेवायला गेले.

ते पाटलांच्या ओसरीवर पोचले असतील नसतील, तोच ऊन पडलं. लख्ख. काय म्हणावं अशा सूर्याला?

पटांगणात आप्पा एकटेच मागे राहिले होते. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. माझी आखूड सावली पायरीकडेच होती. त्यांनी मला उपटलं आणि चार पावलं पलीकडे नेऊन रोवलं. पुन्हा पायरीकडे. "जागेचा दोष न्हाय म्हणायचा," असं बोलून त्यांनी मला पुन्हा उपटून आणखी तिसऱ्याच जागी ठोकलं. पुन्हा तेच. मग ते शाळेच्या दारात उभ्या मास्तरांवर ओरडले, "अवो, ही दक्षिणेलाच हाय की! मग माझी पोरगी नापास कशानं?"

मास्तरांची टोपी मागे गेली, पुढे आली.

"रोज तुमी इचारताय. आज मी इचारतोय. बोला की!"

"आप्पा, तुम्ही स्वतः पाहिलंत. याहून जास्त माझ्यापाशी काही नाही."

आप्पा तणतणत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मावती पाटी घेऊन चौथीतच येऊन बसली. बाप दारापर्यंत आला होता. "बसू दे आणि एक वरीस," एवढंच म्हणाला आणि शेताकडे वळला. श्रावणात एका दुपारी माझी सावली खरोखर माझ्या पायात शिरली. काही उघडिपी गेल्यावर ती चिंचेकडे निघाली. मुलं नाचली. दिपोटी मात्र तेव्हा दुसऱ्या तालुक्यात होते.

पुढच्या वर्षी पद्मावती पास झाली. साहेबांनी सावलीचं काही विचारलंच नाही, नद्या विचारल्या. ती सातवीपर्यंत शिकली आणि लग्न होऊन निपाणीला गेली. मारुतीरावांवर शेरा आला, त्यांची खानापूरकडे बदली झाली. नव्या मास्तरांनी मला उपटून धुतलं आणि पुन्हा टेबलावर ठेवलं. वर्ग पुन्हा एका सुरात ‘उत्तरेकडे पडते’ म्हणू लागला. मी पुन्हा हातांवर पडू लागले. मग म्हातारी झाले, चिरले, आणि माळ्यावर मोडक्या छत्र्यांत जाऊन पडले.

तिथून मला परवा खाली काढलं. पंधरा ऑगस्टला. देश स्वतंत्र झाला होता, शाळेला झेंडा लावायला काठी हवी होती आणि धावपळीत दुसरी मिळेना. मला पटांगणात रोवलं, डोक्याला कागदी झेंडा चिकटवला. पाहुण्यांचं भाषण सकाळी सुरू झालं ते दुपारपर्यंत संपेना. ‘मुलांनो, आता तुम्ही स्वतंत्रपणे विचार करायला शिका,’ असं म्हणून त्यांनी मुलांना हात वर करायला लावले. "म्हणा माझ्यामागून, आम्ही स्वतंत्र विचार करू!" मुलं एका सुरात म्हणाली. "पुन्हा!" पुन्हा म्हणाली. "ऐकू आलं नाही!" मी मधून मोडायचीच बाकी होते.

तेवढ्यात ढग फाटले. गर्दीतून एक बाई पुढे आली. कानाजवळ केस पिकलेले, माहेरी आलेली, हाताशी लेक. सगळे झेंड्याकडे बघत होते. तिने वाकून माझ्या पायाशी जमिनीवर बोटं टेकवली.

"आई, काय करतीस? लोक बघत्यात!"

"बघू देत. प्रेमला, पुस्तकात काय हाय तुझ्या? सावली कुठं पडती?"

"उत्तरेकडं."

"दोन बोटं. चिंचेकडं." पद्मावती उभी राहिली. तिने पदराला माती पुसली. "आज पुस्तकाचं खरं हाय. पण बघितलं, म्हणून म्हणते मी."

लेकीने माझ्याकडे पाहिलं, मग चिंचेकडे, मग पायरीकडे. "कायम चिंचेकडंच पडती व्हय गं?"

पद्मावतीने तिला उत्तर दिलं नाही.

माझी एवढीच विनंती आहे. झेंडा काढाल तेव्हा मला माळ्यावर टाकू नका. आहे तिथेच पुढच्या मृगापर्यंत उभी राहू द्या. चिंचोके गावात पुष्कळ आहेत. आणि कोणी मोठा साहेब येणार असेल, तर कृपा करून पटांगण झाडू नका.