कालामाच्या गल्लीतला कुरांतो

बाल्दोमेरोने फोनवर शब्द देऊन टाकला होता. "तुझ्या लग्नाचा कुरांतो मी घालणार. खड्डा माझा, दगड माझे, सामान माझं. तुम्ही फक्त भूक घेऊन या."

यास्ना त्याची एकुलती एक लेक. पाच वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या चिलोए बेटावरून निघाली ती देशाच्या पार वरच्या टोकाला, वाळवंटातल्या कालामाला, तांब्याच्या खाणीच्या खानावळीत कामाला. बेटावर बारमाही पाऊस आणि तिथे म्हणे दुकानात छत्रीच मिळत नाही. अशा ठिकाणी पोरगी कोणाच्या आधाराने राहते, हा किडा बाल्दोमेरोच्या डोक्यात तेव्हापासून वळवळत होता. विचारलं की ती म्हणायची, "मजेत आहे, बाबा." शेजारी कोण आहे म्हटलं की विषय बदलायची.

म्हणून म्हातारा जन्मात पहिल्यांदा बेट सोडून निघाला. सोबत बायको ओतिलिया, धुरावर सुकवलेले शिंपले, डुकराचं मांस, बटाटे आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेली नाल्काची पानं. एकेक पान छत्रीएवढं. खड्ड्यात तापलेल्या दगडांवर सगळं रचायचं आणि वर ही पानं झाकायची, तेव्हा कुठे कुरांतोला वाफ धरते. सान्तियागोला बस बदलताना तो ते गाठोडं इतकं जपून छातीशी धरून उभा होता की एका बाईने उठून जागा दिली आणि हळूच विचारलं, "झोपलंय का हो बाळ?"

सान्तियागो मागे पडलं तशी हिरवळ विरळ झाली, मग निवडुंग आले, मग तेही संपले. उरली ती धुऊन, पिळून वाळत घातल्यासारखी जमीन.

"पानांवर पाणी मार रे," ओतिलिया म्हणाली.

"कळतंय मला."

दुपारी बस एका खानावळीपाशी थांबली. पानं मलूल झाली होती. बेटावर काहीही मलूल झालं की बाहेर ठेवतात, पुढचं आभाळ बघून घेतं. बाल्दोमेरोने सवयीने पानं मागच्या भिंतीवर पसरली आणि तो निवांत सूप प्यायला आत गेला. बाहेर आला तर पानांचे पापड झालेले. एक उचललं, तर हातात चुरा आला.

"म्हाताऱ्या," ओतिलिया म्हणाली, "तू पावसाची वाट बघत होतास?" आणि ती हसत सुटली. हसता हसता खाली बसली. बाल्दोमेरोला मात्र रडू यायचं बाकी होतं. लेकीला दिलेला शब्द गेला होता.

कालामाला पोचले तेव्हा लग्न उद्यावर आलेलं आणि सणामुळे बाजार बंद. यास्ना म्हणाली, "जाऊ दे ना बाबा. चुलीवर शिजवू."

"नाल्का नाही तर कोबीची पानं झाकू," म्हणत बाल्दोमेरोने टोपी घातली. बेटावर कोणाचं मोठं काम निघालं, बटाटे काढायचे असोत की अख्खं घर हलवायचं असो, तो माणूस दारोदार जातो, टोपी काढतो आणि मदत मागतो. असं मागितल्यावर कोणी नाही म्हणत नाही. जेवण मदत मागणाऱ्याकडे.

"बाबा, नको!" यास्ना आडवी आली. "इथे कोणी कोणाच्या दारात जात नाही. मी पाच वर्षांत समोरच्याला नावसुद्धा विचारलेलं नाही."

बोलून गेली आणि आपणच बाजूला झाली. बाल्दोमेरोने दार उघडलं.

"मग आता विचारू," तो म्हणाला.

समोरच्या दाराला लोखंडी जाळी होती. धर्मप्रचारक आलाय असं समजून आतून एक आडदांड माणूस ओरडला, "आमचा देव आहे तोच बरा आहे! नवा नकोय!"

"मी देव नाही आणलेला. कोबी मागायला आलोय." बाल्दोमेरोने टोपी काढून छातीशी धरली. "शेजारी, उद्या माझ्या मुलीचं लग्न आहे. काम अडलंय. हात द्या, अशी विनंती करायला आलोय. जेवण माझ्याकडे."

"कुठली मुलगी?"

"ही समोरचीच."

"ती? रोज पहाटे खाणीच्या बसला माझ्या मागे उभी असते ती?" त्याने जाळी उघडली. "मी रिगोबेर्तो. तिचं नाव काय?"

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली लोटली. कोणी कोबी आणला, कोणी बीटाचा पाला, कोणी भिजवलेली पोती. एका आजीने सशांसाठी ठेवलेला लसूणघास उचलून आणला. जमीन दगडासारखी कडक, पण गल्ली खाणकामगारांची. रिगोबेर्तोने हाक मारली आणि बघता बघता एवढा खड्डा झाला की बाल्दोमेरोला "अहो, बास! तांबं नाही काढायचं!" म्हणून ओरडावं लागलं.

वाफ वर आली तसा बेटाचा वास गल्लीभर पसरला. ओतिलियाने पहिला घास घेतला आणि ती म्हणाली, "लसूणघास लागतोय. सशांना फार आवडलं असतं." पण तिने पुन्हा ताट भरून घेतलं. पांढऱ्या झग्यात यास्ना नवऱ्याच्या जोडीने वाढत होती आणि एकेकाला नावाने आग्रह करत होती. बाल्दोमेरो बघत होता. डोळे पाणावले की तो धुराला शिव्या द्यायचा.

सकाळी बोचकी बांधून म्हातारा-म्हातारी निघणार, तोच दार वाजलं. रिगोबेर्तो उभा होता, टोपी काढून छातीशी धरलेली.

"रविवारी घराचं छप्पर चढवतोय. हात द्या, अशी विनंती करायला आलोय. जेवण माझ्याकडे."

बाल्दोमेरोने बोचकं खाली ठेवलं. "येतो की! बस गेली खड्ड्यात."

"तुम्हाला नाही हो, आजोबा," रिगोबेर्तो म्हणाला. "मी शेजारणीला विचारतोय."

यास्ना पुढे झाली. "येते," ती म्हणाली. "आम्ही दोघंही येतो. आणि शिडी आहे आमच्याकडे."

ओतिलियाने बोचकं उचलून नवऱ्याच्या हातात दिलं. "चल रे म्हाताऱ्या," ती म्हणाली. "पोरीला आता आपल्यासाठी सवड नाही."

आणि बाल्दोमेरो इतक्या आनंदात बस गाठायला निघाला की टोपी तिथेच विसरला.