बाबांची सकाळची हजेरी

बाबांची आम्ही तीन मुलं एकाच खंडाच्या तीन देशांत, आणि प्रत्येक देशाचं खूळ वेगळं. दादाच्या देशात जो फेसबुकवर नाही तो जिवंतच नाही. ताईकडे फोटोशिवाय कोणी बोलत नाही, म्हणून इन्स्टाग्राम. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. आमची गिऱ्हाइकं नंबरसुद्धा टेलिग्रामवर पाठवतात. दुसऱ्याच्या ॲपवर जायला तिघांचंही नाक वर. शेवटी बाबाच तिन्हीकडे गेले.

आई गेल्यापासून ते चौथ्या देशात, जुन्या घरी एकटेच. ठरलं एवढंच होतं की त्यांनी सकाळी ‘उठलो, चहा झाला’ असं कळवायचं आणि आम्ही अंगठा द्यायचा. हजेरी लागली की सगळे मोकळे.

पण जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. एकच काम रोज तीनदा करणं त्यांच्या जिवावर यायचं. त्यांनी तिन्हीकडे एकदम टाकणारं ॲप शोधलं, महिन्याभराचे निरोप आधीच लिहिले आणि वेळ लावून दिली. आम्हाला पत्ताच नाही.

एका सकाळी आलं, ‘आज दाढी केली.’ मी लिहिलं, ‘उपकार झाले, शेजारी ओळखतील तरी.’ दुपार झाली तरी उत्तर नाही. बाबा औषध गिळायचे नाहीत, टोमणा काय गिळणार? फोन केला, उचलला नाही.

ताई म्हणाली, “अगं, सकाळी मेसेज आलाय की. उगाच कशाला डोक्याला ताप?” दादाचंही तेच. मला राहवेना. खालच्या शिंपीणकाकूंकडे किल्ली असते, त्यांना वर पाठवलं.

बाबा आदल्या सकाळपासून न्हाणीघरात पडलेले होते. खुब्याचं हाड मोडलेलं, फोन स्वयंपाकघरात.

आम्ही तिघं दवाखान्यात पोचलो तेव्हा ते बोलत होते. मी इतकी घाबरले होते की आधी रागच बाहेर पडला.

“घड्याळासारखी किल्ली देऊन हजेरी लावता? आम्ही काय समजायचं, बाबा?”

“चुकलंच माझं,” ते म्हणाले. “पण पडल्यावर मला धीर होता. म्हटलं, आजचा निरोप वाचून तिघंही फोन करतील. उचलला नाही की कोणाला तरी पाठवतील.”

“असं काय होतं त्यात?” दादाने विचारलं.

“तो मी मुद्दाम लिहिला होता. कोणी वाचतं का बघायला. मग फोन तीनदा टुणटुणला आणि गप्प झाला.”

मी फोन काढला आणि ते पडले त्या दिवसाचा निरोप शोधला. ‘उठलो. आज चहा तुमच्या आईने केला.’

खाली माझा अंगठा होता.